श्वान-चाकगाडी

मागच्या पायांतले बळ गेलेल्या कुत्र्याचा पार्श्वभाग उचलून धरणारा, पुढच्या पायांनी ओढला जाणारा दोन चाकांचा हलका सांगाडा. चारही पाय दुबळे असल्यास चार चाकांची गाडी वापरतात.

उगम : गाडीचे श्रेय सहसा लिंकन पार्क्स या अमेरिकी पशुवैद्यांना दिले जाते. त्यांच्या ‘के-नाइन कार्ट्स’ या संस्थेचा आरंभ १९६१ चा सांगितला जातो. हे वर्ष व्यावसायिक निर्मितीचे मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. खेळण्याची चाके आणि पट्टे जोडून घरी केलेल्या गाड्या त्याआधीही असाव्यात. तशा गाड्यांची नोंद सहसा कोणी ठेवत नाही.

गरज : मणक्यातील गादी सरकणे (डॅक्सहुंडसारख्या आखूड पायांच्या जातींत विशेष), खुब्याच्या सांध्याची सदोष वाढ, संधिवात, अपघात आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणुजन्य रोग) ही नेहमीची कारणे होत. वाद अधिक झाला तो मज्जारज्जूच्या ऱ्हासरोगावर (डीजनरेटिव्ह मायलोपॅथी). पशुवैद्यक संशोधक ॲव्हरिल यांनी १९७३ मध्ये वयस्क जर्मन शेफर्ड कुत्र्यांत त्याचे वर्णन केले. शरीराची प्रतिकारयंत्रणाच मज्जारज्जूवर उलटते, असे मत पुढे बराच काळ चालले. २००९ मध्ये एसओडी-१ या जनुकातील बदलाशी रोगाचा संबंध दाखवला गेल्यावर ते मागे पडले. बदललेल्या जनुकाच्या दोन प्रती असलेल्या प्रत्येक कुत्र्याला रोग होतोच असे नाही. रोग वेदनारहित असतो. कुत्रा पाय ओढतो आणि मधल्या दोन बोटांची नखे झिजतात. पंजा उलटा टेकवून ठेवला तर निरोगी कुत्रा तो तत्काळ सरळ करतो, आजारी कुत्रा तसाच उभा राहतो.

अशा कुत्र्याला चालते ठेवल्याने आयुष्य वाढते का? २००६ मधील एका अभ्यासात २२ कुत्रे होते. सघन व्यायामोपचार मिळालेले सरासरी २५५ दिवस, मध्यम उपचारांचे १३० आणि उपचाराविना राहिलेले ५५ दिवस जगले. आकडे बोलके असले तरी गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. जो मालक रोज व्यायाम करून घेतो तो दयामरणाचा निर्णयही लांबवतो. व्यायाम हितकर, हे मात्र बहुतेकांना मान्य आहे. गाडी लवकर दिल्यास पाय आळसावतात, या समजुतीला फारसा आधार दिसत नाही.

रचना : उभ्या कुत्र्याचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असते, म्हणून आसाची (चाके जोडणाऱ्या दांड्याची) जागा कळीची. आस मागे सरकवला की खांद्यांवर भार वाढतो. पुढे घेतला की तो कमी होतो, पण जास्त पुढे गेल्यास गाडी मागे कलंडते. पुढचे पायही थकलेले असतील तर आस मुद्दाम थोडा पुढे घेतात. मापे तीन : जमिनीपासून जांघेची उंची, कमरेची रुंदी, काखेपासून जांघेपर्यंतची लांबी. बसवल्यावर पाठ आडवी सरळ राहावी आणि पट्ट्याखाली बोट सहज जावे. पायांत थोडे बळ उरले असल्यास पंजे जमिनीला टेकू द्यावेत. पूर्ण लुळे असल्यास ते अडकवून ठेवतात.

वापर : आरंभी काही मिनिटेच. बहुतेक गाड्यांत कुत्र्याला आडवे पडता येत नाही, म्हणून गाडीत एकटे सोडू नये, जिनाही वर्ज्य. संवेदना गेलेल्या कातडीवर घासल्याच्या जखमा लवकर दिसत नाहीत, तेव्हा जांघ आणि पंजे रोज पाहावेत. मूत्राशयावरचा ताबा गेला असल्यास ते ठरावीक वेळी हाताने दाबून रिकामे करावे लागते. तंत्र पशुवैद्याकडूनच शिकावे. गाडी हे बाहेर फिरण्याचे साधन आहे. घरात गुळगुळीत फरशीवर रबरी चटया आणि पोटाखालून घेतलेला टॉवेल यांनी बरेच भागते.

भारतात : वाहनाच्या धडकेने कंबर गेलेल्या भटक्या कुत्र्यांसाठी प्राणिसेवी संस्था अशा गाड्या वापरतात. पीव्हीसी नळ्या, कोपरजोड आणि लहान चाके वापरून त्या स्वस्तात करता येतात. नळी कापून लांबी बदलता येते ही त्यांची सोय. वजनदार कुत्र्याखाली नळी वाकते ही मर्यादा.