‘वू-वेई’ म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे

‘ताओ मत सांगतं, काही करू नका, सगळं आपोआप होईल,’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. गैरसमज साहजिक आहे, कारण ताओ या प्राचीन चिनी विचारातल्या ‘वू-वेई’ या कल्पनेचा शब्दशः अर्थ ‘न करणं’ असाच होतो. पण ‘ताओ ते चिंग’ या ताओ मताच्या मूळ ग्रंथाचं कुठलंही भाषांतर उघडून ६३वा अध्याय पाहा. अवघड काम सोपं असतानाच हाती घ्या, असं तिथं आहे. म्हणजे काम करायचंच आहे, पण वेळेवर.

‘च्वांग-त्झू’ या ताओ मताच्याच दुसऱ्या ग्रंथातला आचारी मला फार आवडतो. बैल कापताना तो हाडांवर घाव घालत नाही, सांध्यांमधल्या फटींतून सुरी फिरवतो. म्हणून १९ वर्षांनंतरही तिची धार नव्यासारखी आहे. झटापट तेवढी तो टाळतो. आणि अवघड सांधा आला, की थांबतो, नजर रोखतो, हात अगदी सावकाश चालवतो.