कॉमिकवरचा वयाचा शिक्का सेन्सॉर बोर्डाचा नसतो

महाद्वार रोडवर पोरासाठी सुपरहिरोचं कॉमिक घेताना पालक कोपऱ्यातला ‘टी प्लस’ (T+) हा वयाचा शिक्का बघतात आणि निर्धास्त होतात: ‘सेन्सॉरनं पास केलंय की!’ कोल्हापुरात ही समजूत बरीच वर्षं फिरतेय. ती चुकीची आहे. आपलं सेन्सॉर बोर्ड चित्रपट तपासतं, कॉमिक्स नाही.

ही कॉमिक्स जिथून येतात त्या अमेरिकेतही हा शिक्का सरकारी नाही. तिथं 1954 मध्ये प्रकाशकांनीच ‘कॉमिक्स कोड’ ही नियमावली उभी केली. मान्यता मिळालेल्या अंकावर त्याची छोटी मोहोर असायची. मार्व्हल ही प्रकाशन कंपनी 2001 मध्ये त्यातून बाहेर पडली, डीसी ही दुसरी 2011 मध्ये. आता प्रत्येक कंपनी आपली वयोमर्यादा आपणच ठरवते. त्यामुळं गंमत अशी, की मार्व्हलचं ‘टी प्लस’ 13 वर्षांपुढच्यांसाठी, तर डीसीच्या जुन्या अंकांवरचं तेच ‘टी प्लस’ 15 च्या पुढं. अक्षर एक, हिशेब दोन. भावानं मार्व्हल वाचलं म्हणून धाकट्याच्या हातात डीसी द्यायचं, हे गणित इथंच फसतं.

दुसरी गल्लत आगामी मालिकांच्या झलकीची. अंक येण्याआधी साधारण तीन महिने दुकानदारांनी मागणी नोंदवावी म्हणून मुखपृष्ठ आणि चार ओळींचा मजकूर जाहीर होतो. मुखपृष्ठ, तारीख, कधी चित्रकारसुद्धा नंतर बदलतो. आतली पानं सहसा विक्रीच्या तोंडावर दाखवतात, तीही सुरुवातीची. मारामारी रक्तबंबाळ होते ती बहुधा पुढच्या पानांत! तेव्हा झलक बघून पोराचं वय ठरवू नका. अंक हातात आला की आधी आपण चाळा, मग द्या.