अरुंधती, वसिष्ठ आणि साइनचा वर्ग

लग्नात नवरा-नवरीला अरुंधती, म्हणजे सप्तर्षींतल्या वसिष्ठ ताऱ्याला लागून असलेला अंधुक तारा, दाखवायची पद्धत आहे. मुहूर्त बहुधा भर दुपारचा, डोक्यावर मांडव, तरी भटजींनी उत्तरेकडे बोट केलं की सगळे माना डोलावतात. अरुंधती दिसेनाशी झाली की मरण जवळ आलं, अशीही एक जुनी समजूत आहे. वास्तविक तेव्हा चष्म्याचा नंबर किंवा मोतीबिंदू तपासून घ्यावा, आणि शहरातल्या दिव्यांनाही थोडा दोष द्यावा. मात्र अरुंधती वसिष्ठात खरोखर विरून जाते अशी एक जागा आहे: शाळा-कॉलेजात शिकवलेलं कोसाइनचं सूत्र.

दोन ताऱ्यांमधलं कोनीय अंतर काढायचं आहे. ताऱ्याची जागा दोन आकड्यांनी सांगतात: विषुवांश (पूर्व-पश्चिम, वेळेच्या एककात) आणि क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासून उत्तर-दक्षिण, अंशांत). अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला. इ.स. २००० च्या संदर्भानुसार वसिष्ठाचा विषुवांश १३ तास २३ मिनिटं ५५.५ सेकंद, क्रांती उत्तर ५४ अंश ५५ कला ३१ विकला. अरुंधतीचा विषुवांश १३ तास २५ मिनिटं १३.५ सेकंद, क्रांती ५४ अंश ५९ कला १७ विकला. विषुवांशातला फरक ७८ सेकंद. वेळेचा एक सेकंद म्हणजे १५ विकला, म्हणून ११७० विकला, अर्थात १९.५ कला. क्रांतीतला फरक २२६ विकला. इथे थेट पायथागोरस लावला तर उत्तर १९.९ कला येतं, आणि ते साफ चूक आहे. ध्रुवाकडे जाताना विषुवांशाच्या रेषा एकमेकींच्या जवळ येतात, त्यामुळे १९.५ ला क्रांतीच्या कोसाइनने गुणावं लागतं.

पुस्तकातलं सूत्र असं: अंतराचा कोसाइन = दोन्ही क्रांतींच्या साइनचा गुणाकार + दोन्ही क्रांतींच्या कोसाइनचा गुणाकार × विषुवांश-फरकाचा कोसाइन. गणिती दृष्टीने यात काहीच खोट नाही. आपल्या जोडीसाठी उजवी बाजू ०.९९९९९४१ येते. आता हीच संख्या चार अंकी लॉग टेबलाच्या अचूकतेने लिहा: १.००००. अंतर शून्य, अरुंधती गायब! पाच दशांश स्थळं ठेवली तर ०.९९९९९, आणि उत्तर १५.४ कला. खरं अंतर आहे ११.८ कला.

असं का होतं? शून्याजवळ कोसाइनचा आलेख सपाट असतो. लहान कोनासाठी तो १ वजा कोनवर्गाच्या निम्म्याइतका, म्हणून सगळी माहिती त्या नऊच्या रांगेमागे कुठेतरी दडलेली असते. संगणकही यातून सुटत नाही. सिंगल प्रिसिजनमध्ये (संख्या ३२ बिटांत साठवली तर) १ च्या लगेच खालची संख्या साधारण ०.०००००००६ ने लहान असते. त्या एका पायरीचा कोन होतो ७१ विकला. म्हणजे उत्तर शून्य येईल, ७१ येईल, पुढे १०१ येईल. मधलं काही नाही. दुर्बिणीतून पाहिलं तर वसिष्ठ स्वतःच जोडतारा आहे, दोघांत सुमारे १४ विकलांचं अंतर. ते या सूत्राला दिसूच शकत नाही. डबल प्रिसिजनमध्ये (६४ बिटांत) पायरी ०.००३ विकला इतकी खाली येते, पण राउंडिंगमुळे उजवी बाजू १ च्या किंचित वर गेली तर प्रोग्राम उत्तरच देत नाही.

उपाय साइनच्या वर्गात आहे. १ वजा कोसाइन म्हणजे अर्ध्या कोनाच्या साइनच्या वर्गाची दुप्पट, हे त्रिकोणमितीतलं ओळखीचं सूत्र. ते वापरून वरचं समीकरण असं होतं:

साइन²(अंतर/२) = साइन²(क्रांती-फरक/२) + कॉस(क्रांती १) × कॉस(क्रांती २) × साइन²(विषुवांश-फरक/२)

आकडे घालू. पहिलं पद ०.०००००० ३००. कोसाइनांचा गुणाकार ०.३२९७, त्याला ०.००००० ८०४४ ने गुणलं की ०.००००० २६५२. बेरीज ०.००००० २९५२. वर्गमूळ ०.००१७१८, त्याचा उलटा साइन घेऊन दुप्पट केली की ०.००३४३६ रेडियन. कला हव्यात तर ३४३८ ने गुणा (एका रेडियनमध्ये तेवढ्या कला): ११.८. पदं कितीही लहान झाली तरी संगणक शून्याजवळ सार्थ अंक शाबूत ठेवतो, आणि वर्गमूळ घेताना सापेक्ष चूक उलट निम्मी होते. हे सगळं ‘१ वजा कोसाइन’ करून मिळवायला गेलात मात्र पुन्हा त्याच खड्ड्यात पडाल. फरक आधी घ्यायचा, साइन नंतर, वर्ग शेवटी.

तो ३४३८ म्हणजे आर्यभटाच्या ‘ज्या’च्या (त्रिज्येने गुणलेल्या साइनच्या) कोष्टकातली त्रिज्या, आणि ‘१ वजा कोसाइन’ला आपल्याकडे जुनं नाव आहे: उत्क्रमज्या. सूर्यसिद्धान्तात दोन्हींची कोष्टकं आहेत. पहिल्या २२५ कलांच्या चापाची ज्या २२५, उत्क्रमज्या फक्त ७. त्या ७ मध्ये किती अचूकता उरली ते पाहा! अर्ध्या कोनाच्या ज्येचा वर्ग उत्क्रमज्येवरून काढण्याची रीत वराहमिहिराच्या पंचसिद्धान्तिकेत आहे. (आता यावरून प्राचीन काळी संगणक होते असं कुणी फॉरवर्ड करू नये.) उत्क्रमज्येच्या निम्म्याला, म्हणजे वरच्या सूत्रातल्या अर्ध्या कोनाच्या साइनच्या वर्गाला, ‘हॅवरसाइन’ हे नाव जेम्स इनमन यांनी १८३५ मध्ये दिलं. ताऱ्यांवरून जहाजाचं स्थान काढणारे खलाशी त्याची छापील कोष्टकं वापरत.

लिहिण्याची पद्धतही फसवी आहे. साइन² म्हणजे साइन काढून त्याचा वर्ग. कोनाचा वर्ग करून साइन नव्हे. साइन⁻¹ मात्र घात नाहीच, तो उलटा साइन. स्प्रेडशीटमध्ये वर्गाचं चिन्ह साइनच्या कंसाबाहेर हवं, आणि कोन रेडियनमध्ये.

आकाशात बरोबर समोरासमोरचे, १८० अंशांजवळचे दोन बिंदू घेतले की हॅवरसाइनलाही तोच आजार जडतो, कारण तिथे साइनचा वर्ग १ ला टेकतो. बेरीज १ च्या वर गेली तर ती १ वर छाटावी. सगळ्याच कोनांना चालणारं सूत्र हवं असेल तर अंतराचा साइन आणि कोसाइन वेगवेगळे काढून दोन्हींवरून उलटा टॅन्जंट घ्यावा. अ‍ॅस्ट्रोपाय हे खगोलशास्त्राचं सॉफ्टवेअर तेच करतं.