फेनमधल्या गावाचे फोटो, तेव्हाचे आणि आताचे
(जोडफोटो घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार.

आमच्याकडून एकाच जागेच्या जुन्या-नव्या फोटोंची जोडी घेऊन गेलेल्या ग्राहकांचा आठवड्याभरात एक फोन हमखास येतो. "एक जुना, एक नवा, ते ठीक. पण दोन्हींत फरक काय तेच कळेना." तक्रार रास्त आहे. घरं तीच, चर्च तेच, रस्ता तोच, वर तेवढंच मोठं आभाळ. शहराच्या जुन्या फोटोत ट्राम किंवा टांगा दिसतो आणि काम सोपं होतं. फेनमधल्या, म्हणजे पूर्व इंग्लंडमधल्या पाणी काढून शेतीखाली आणलेल्या दलदलीच्या सपाट भागातल्या, गावाचा फोटो मात्र खालच्या कडेपासून पाहायला घ्यावा लागतो, कारण इथे बदलली आहे ती जमीन. ती खाली गेली आहे.

आमच्या बहुतेक जोड्या प्रिकविलोच्या आहेत. केंब्रिजशरमधलं हे छोटं गाव ईलीच्या पूर्वेला चारेक मैलांवर, लार्क नदीच्या काठी आहे. हा सगळा भाग एके काळी दलदलीचा. हजारो वर्षं बोरू आणि लव्हाळी पाण्यात अर्धवट कुजत राहिली आणि त्यांचा काळाभोर थर साचला. तेच पीट. सतराव्या शतकात बेडफर्डच्या अर्लने (उमरावाने) पैसा उभा केला, कॉर्नेलियस व्हर्मायडन या डच इंजिनिअरने आखणी केली आणि पाणी समुद्राकडे न्यायला सरळसोट कालवे खणले गेले. त्यातला ओल्ड बेडफर्ड हा एकवीस मैलांचा कालवा 1637 मध्ये पुरा झाला. पाणी निघालं आणि पिकाऊ जमीन हाती आली. पण पीट सुकलं की आक्रसतं, हवा लागली की कुजून विरून जातं, आणि उरलेली भुकटी वसंतातल्या वाऱ्यावर उडते. नांगरटीखालची पीटची जमीन अजूनही वर्षाला साधारण एक ते दोन सेंटिमीटर खचते.

जमीन खचली की पाणी उपसायला आणखी खालून ओढावं लागतं. म्हणून आधी पवनचक्क्या, मग वाफेची इंजिनं, मग डिझेल, आता वीज. प्रिकविलोच्या जुन्या पंपघरात आज संग्रहालय आहे. तिथलं 1924 चं मिर्लीस डिझेल इंजिन बघायला जरूर जा. चालू करण्याचे दिवस ठरलेले असतात, ते आधी विचारून घ्या. आवाज छातीत बसतो.

आता फोटो हातात घ्या. आधी दारं पाहा. गावातल्या जुन्या पाद्रीनिवासाच्या दाराशी पायऱ्या वाढवाव्या लागल्या, कारण घर जागेवर राहिलं आणि अंगण खाली सरकलं. मग नदी शोधा. आपल्याकडे पाट शेताहून उंच ठेवतात तो पाणी शेतात उतरावं म्हणून. इथे नदीच शेताच्या वरून वाहते, दोन बांधांच्या मधून, आणि शेतातलं पाणी पंपाने तिच्यात चढवावं लागतं. नव्या फोटोत घरामागच्या बांधाची उंची बघा, म्हणजे मार्च 1947 मध्ये बर्फ वितळून बांध फुटले तेव्हा काय झालं असेल याची कल्पना येईल. रस्त्याची लाटेसारखी वरखाली होणारी रेघही निरखून पाहा. खालचं पीट सगळीकडे सारखं खचत नाही. जिथे जुन्या नदीपात्रातला गाळ आहे तो पट्टा उंच राहतो. इथे त्याला रॉडन म्हणतात, आणि घर बांधायला जाणते लोक तोच शोधत.

हे सगळं मोजून पाहायचं असेल तर केंब्रिजशरमधल्याच होम फेन या भागातला लोखंडी खांब आहे. 1851 च्या सुमारास, शेजारचं व्हिटलसी मीअर हे मोठं तळं उपसलं जात असताना, तो माथ्यापर्यंत पीटमध्ये पुरला. आज तो सुमारे चार मीटर बाहेर आहे. खांबाशेजारी उभं राहून काढलेले वेगवेगळ्या काळातले फोटो आहेत, आणि दर वेळी माणूस खांबापुढे आणखी बुटका दिसतो. आमच्या मते फेनची याहून चांगली जोडी नाही. होम फेनचा हा भाग समुद्रसपाटीच्या पावणेतीन मीटर खाली आहे.

याचमुळे आमचं कामही जरा विचित्र होतं. जुना फोटोग्राफर जिथे उभा होता ती जागा सापडली तरी उंची जुळत नाही. रस्त्यावरून घेतलेला फोटो जुळतो. शेतातून घेतलेल्यासाठी घडीची शिडी न्यावी लागते. नाहीतर क्षितिज चुकतं आणि जोडी खोटी ठरते.

जुन्या फोटोंत आभाळ कोरं पांढरं असतं. त्या दिवशी ढग नव्हते असं समजू नका. तेव्हा फोटो काचेवर घेत, आणि काचेवरच्या मसाल्यावर निळा उजेड फार लवकर उमटे, लाल-पिवळा जवळजवळ उमटतच नसे. म्हणून आभाळ उडून जातं आणि पिवळसर विटांची भिंत काळपट येते. ढग "टाकून द्या" किंवा फोटो रंगवून द्या अशी मागणी येते. ती आम्ही घेत नाही. डाग, ओरखडे, घडीच्या रेघा काढतो, तेवढंच.

तुमच्याकडे जुनं पोस्टकार्ड असेल तर आधी ते उलटं करा. मागची बाजू मजकूर आणि पत्ता अशी दोन भागांत विभागलेली असेल, तर कार्ड 1902 नंतरचं, कारण ब्रिटनमध्ये त्याआधी अशी परवानगी नव्हती. अर्ध्या पेनीचं तिकीट लावून देशातल्या देशात पाठवलेलं असेल, तर बहुधा जून 1918 पूर्वीचं. तेव्हा दर वाढला. शिक्का वाचता आला तर उत्तमच. याहून जुने, 1850 च्या दशकातले फोटो हवे असतील तर विस्बेकच्या सॅम्युएल स्मिथने काढलेले पाहा, पण ते शहराचे, नदीबंदराचे आहेत. गावं फोटोत येऊ लागली ती मुख्यतः पोस्टकार्डांमुळे, असा आमच्या टेबलावरून जाणाऱ्या ढिगाचा अनुभव.

कार्ड तुमचं असलं तरी त्यावरच्या चित्राचा हक्क तुमचा असेलच असं नाही. फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर 70 वर्षं तो टिकतो. भिंतीवर लावायला एक प्रत हवी असेल तर तसं सांगा. पुस्तकात छापायची किंवा विकायची असेल तर मालक कोण ते आधी शोधावं लागेल, आणि त्यात वेळ जातो.

मूळ फोटो आणताना सेलोटेप लावू नका, पाठीवर बॉलपेनने लिहू नका, चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका. अल्बमसकटच घेऊन या. काचेच्या प्लेटा उभ्या ठेवून, मध्ये कागद घालून आणा. फ्रेम केलेली जोडी उन्हाच्या भिंतीवर टांगू नका, आणि जुना फोटो डावीकडेच हवा असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, कारण माउंट, म्हणजे फोटोभोवतीचा पुठ्ठा, एकदा कापला की बाजू बदलता येत नाही.