पोर्तुगाल संसदीय निवडणूक निकाल, २०२२

३० जानेवारी २०२२ ला पोर्तुगालच्या २३० जागांच्या असेंब्लीसाठी मतदान झालं. ऑक्टोबर २०२१ मध्ये सोशालिस्ट सरकारचं बजेट पडलं, डाव्या मित्रपक्षांनीच ते पाडलं, मग राष्ट्राध्यक्षांनी संसद बरखास्त केली. सर्व्हेत सोशालिस्ट आणि मध्यम-उजवा पीएसडी जवळपास बरोबरीत होते पण सोशालिस्टांना एकट्यांनाच बहुमत मिळालं, १२० जागा. पीएसडी (मित्रपक्षांसह) ७७, कडवा उजवा शेगा १२, लिबरल ८, कम्युनिस्ट आघाडी ६, डावा ब्लॉक ५, पान (प्राणी-निसर्गवादी पक्ष) आणि लिव्हरे (डावा हरित पक्ष) प्रत्येकी १. उजवे येतील या धास्तीने डाव्या मतदारांनी सोशालिस्टांना मत टाकलं असं एक मत आहे, बजेट पाडल्याची शिक्षा मिळाली असं दुसरं. ब्लॉक १९ वरून ५ वर आणि कम्युनिस्ट १२ वरून ६ वर आले, ते पाहता दोन्ही कारणं एकत्र धरलेली बरी.

खरी गंमत मतांच्या जागा कशा होतात त्यात आहे. साधारण ४१ टक्के मतांत ५२ टक्के जागा! इथे द'ऑन्ट पद्धत चालते म्हणजे प्रत्येक पक्षाच्या मतांना १, २, ३ असं भागत जायचं आणि सगळ्यात मोठ्या भागाकारांना क्रमाने जागा द्यायच्या. पद्धतीला नाव बेल्जियन कायदेपंडित व्हिक्टर द'ऑन्टचं, १८७८ च्या सुमाराचं, पण अमेरिकेत जेफरसनने १७९२ मध्येच राज्यांना जागा वाटायला हेच गणित सुचवलं होतं. द'ऑन्टला ते माहीत होतं का यावर वाद घालता येतो, पक्षांना जागा वाटायची पद्धत म्हणून श्रेय त्यालाच देणं जास्त पटतं. पोर्तुगालच्या १९७६ च्या संविधानात ती थेट लिहिलेली आहे, जागा मिळण्यासाठी किमान टक्केवारीची अट मात्र नाही.

तरी लहान पक्ष मार खातात कारण वाटप देशभर एकत्र होत नाही, २२ मतदारसंघांत वेगवेगळं होतं. लिस्बनला ४८ जागा, पोर्तालेग्रेला फक्त २. म्हणून सीडीएस या जुन्या उजव्या पक्षाला पानपेक्षा किंचित जास्त मतं असून शून्य जागा, १९७५ नंतर पहिल्यांदाच तो पक्ष संसदेबाहेर, आणि पान व लिव्हरे लिस्बनच्या जोरावर आत. ब्लॉकलाही कम्युनिस्टांपेक्षा थोडी जास्त मतं होती, जागा एक कमी.

परदेशातल्या मतदारांच्या ४ जागांपैकी युरोपच्या २ जागांवर घोळ झाला. पोस्टाने आलेल्या मतांसोबत ओळखपत्राची प्रत हवी होती, नसलेली मतं बाकीच्यांत मिसळली गेली आणि दीड लाखाहून जास्त मतं बाद ठरली. घटनात्मक कोर्टाने फेरमतदान लावलं, ते मार्चमध्ये झालं आणि दोन्ही जागा सोशालिस्टांकडे गेल्या (पहिल्या मोजणीत एक-एक होती). सरकारचा शपथविधी त्यामुळे ३० मार्चपर्यंत लांबला.

तेव्हाचे पंतप्रधान, सोशालिस्ट नेते आंतोनियो कोश्ता यांचे वडील, लेखक ओर्लांदो द कोश्ता, मडगावच्या घराण्यातले. कोश्तांना घरचे बाबुश म्हणायचे, २०१७ च्या भारतभेटीत त्यांना ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीचं) कार्डही मिळालं. गोव्याचा पोर्तुगीज संसदेशी संबंध तसा जुनाच, बर्नार्दो पेरिश द सिल्व्हा १८२२ मध्येच तिथे निवडून गेले होते.

हे बहुमत टिकलं नाही. ७ नोव्हेंबर २०२३ ला कोश्तांनी राजीनामा दिला आणि मार्च २०२४ च्या निवडणुकीत शेगा १२ वरून ५० वर गेला.