चार शुभवर्तमानं, एक येशू आणि आपल्या गोव्यातला गोठा

नाताळात गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावर गेलात की गोठा दिसतोच. गवत, बाळ येशू, मारिया, जोजफ, एका बाजूला मेंढपाळ आणि दुसऱ्या बाजूला उंट घेऊन आलेले तीन राजे. पण बायबल उघडलं तर ही सगळी मंडळी एका ठिकाणी कधी भेटतच नाहीत. बायबलमध्ये येशूची कथा सांगणारी चार पुस्तकं आहेत, मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची, त्यांनाच शुभवर्तमानं म्हणतात. मेंढपाळ आणि गव्हाण लूकच्या शुभवर्तमानात आहेत, तारा आणि पूर्वेकडचे ज्ञानी मत्तयच्या. आणि मत्तयने तर ते राजे होते असंही लिहिलं नाही आणि तीन होते असंही नाही, भेटवस्तू तीन म्हणून पुढे लोकांनी माणसंही तीन धरली, राजे केलं, नावं दिली, आणि तीच परंपरा पोर्तुगीजांबरोबर इथे आली. मांडवीकाठच्या रेईश मागूशच्या इगर्जीचं, म्हणजे चर्चचं, नावच त्यांच्यावरून पडलंय, ६ जानेवारीचं फेस्त पण त्यांचंच.

हे वेगळेपण आलं कुठून ते बघायला मागे जावं लागतं. येशूला क्रूसावर दिलं साधारण इसवी सन ३० च्या आसपास, आणि चारांतलं सगळ्यात जुनं मार्कचं शुभवर्तमान बहुतेक अभ्यासकांच्या मते ७० च्या सुमाराचं, म्हणजे रोमन सैन्याने जेरुसलेमचं देऊळ पाडलं त्या काळातलं. मधली चाळीसेक वर्षं आठवणी तोंडातोंडी फिरत होत्या. मार्कमध्ये जन्मकथाच नाही, येशू एकदम मोठा होऊन नदीवर बाप्तिस्म्याला येतो. हा येशू रागावतो, दमून होडीत झोपतो, गावचे लोक त्याला सरळ सुतार म्हणतात आणि त्यांचा विश्वास नाही म्हणून तिथे त्याच्याकडून फारसे चमत्कार होत नाहीत. मत्तयने मार्कचा बहुतेक सगळा मजकूर घेतला, पण तिथे येशू होतो सुताराचा मुलगा आणि "होत नाहीत"च्या जागी "केले नाहीत" येतं. एवढा बारीक बदल, पण त्यातून कळतं की मत्तयला आपला गुरू कसा दिसायला हवा होता. यहुदी वाचकांसाठी तो वंशावळ अब्राहामापासून सुरू करतो, लूक ती थेट आदामापर्यंत नेतो कारण त्याचा येशू सगळ्यांचा, गरिबांचा, बायकांचा, परक्यांचा. उधळ्या मुलाची गोष्ट आणि दयाळू शोमरोन्याची गोष्ट फक्त लूकमध्येच सापडते, ही दोन पानं नसती तर ख्रिस्ती धर्माचा चेहराच वेगळा झाला असता असं मला मनापासून वाटतं.

योहान मात्र अगदी वेगळ्याच उंचीवरून बोलतो. सृष्टीच्या आधीपासून सुरुवात, लांबलचक संवाद, काना नावाच्या गावातल्या लग्नात पाण्याची वाईन, आणि शेवटच्या जेवणात भाकर-द्राक्षरसाऐवजी शिष्यांचे पाय धुणं. महाभारतातला कृष्ण आणि भागवतातला कृष्ण आपण एकच मानतो तरी दोघं सारखे दिसत नाहीत ना, तसंच काहीसं.

क्रूसावर तर हे सगळ्यात जास्त जाणवतं. मार्क आणि मत्तय यांच्याकडे येशू ओरडतो, माझ्या देवा तू मला का सोडलंस. लूकमध्ये तो मारणाऱ्यांना क्षमा करतो आणि शांतपणे आत्मा बापाच्या हाती देतो. योहानात आईला शिष्याच्या स्वाधीन करून म्हणतो, पूर्ण झालं. गुड फ्रायडेला क्रूसावरच्या ज्या सात वचनांवर प्रवचनं होतात ती ही सगळी एकत्र करून केलेली आहेत, कुठल्याच एका पुस्तकात सातही मिळत नाहीत.

चारांचं एक करायचा प्रयत्न फार जुना आहे. १७० च्या सुमारास तातियन नावाच्या माणसाने चारही गुंफून एकच सलग कथा केली आणि सीरियाकडच्या चर्चमध्ये ती कितीतरी वर्षं चालली. पण त्याच काळात इरेनियस नावाचा बिशप ठामपणे म्हणत होता की शुभवर्तमानं चारच, कमी नाहीत आणि जास्तही नाहीत. शेवटी चर्चने चारही वेगवेगळी ठेवली, एकमेकांशी न जुळणाऱ्या जागांसकट. हा निर्णय मला मोठा वाटतो, कारण एकच ठेवून बाकीची बाजूला सारणं त्यांना सोपं होतं.

मराठीत ही कथा पहिल्यांदा एवढी सविस्तर आली ती आपल्याच गोव्याच्या साष्टी तालुक्यातल्या राशोलहून. १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट (एका कॅथलिक संघाचा) धर्मगुरू थॉमस स्टीफन्स याने ओवीत लिहिलेलं क्रिस्तपुराण १६१६ साली रोमन लिपीत छापलं गेलं, जवळजवळ ११ हजार ओव्या. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांना ऐकायला काहीतरी हवं होतं, म्हणून त्याने पुराणाचाच साचा घेतला, स्वर्गाला वैकुंठ म्हटलं, आणि क्रिस्तपुराणाच्या दुसऱ्या भागात चारही शुभवर्तमानांतला येशू एका धाग्यात ओवला. म्हणजे इथल्या माणसाच्या कानावर आधी एकत्र केलेला येशू पडला, गोठ्यातल्यासारखाच. पुढे १६८४ मध्ये सरकारने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोला असा हुकूम काढला, तरी हाताने उतरवलेल्या प्रतींतून ते पुराण टिकलं आणि १९०७ मध्ये मंगळूरला पुन्हा छापलं गेलं.

चार वेगळे आवाज सामान्य भाविकापर्यंत नीट पोचायला लागले ते १९६९ नंतर. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक चर्चने रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र केलं, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. त्यामुळे पाम संडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, येशूच्या दुःखसहनाची कथा दरवर्षी वेगळ्या लेखकाची असते, आणि त्याच आठवड्यात गुड फ्रायडेला मात्र नेहमी योहानाची.