पाव: एक उच्चार, तीन वाटा

'पाव किलो बटाटे', 'देव पावला' आणि 'मिसळीबरोबर दोन पाव'. तिन्ही ठिकाणी अक्षरे तीच, पण शब्द तीन वेगळे. तिघे वेगवेगळ्या वाटांनी मराठीत आले आणि झिजत झिजत एकाच आकाराचे झाले.

चौथाईचा पाव संस्कृत 'पादा'चा. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे एक चतुर्थांश, या हिशेबाने पाद हे माप झाले. प्राकृतात मधला 'द' गळाला आणि 'पाअ' उरले. त्या पोकळीत कुठे 'य' शिरला, कुठे 'व'. म्हणून चालायचा तो पाय आणि तोलायचा तो पाव; दोघे एकाच आईचे. पादासह ते सपाद, म्हणजे सव्वा; पाद उणे ते पादोन, म्हणजे पाऊण. जुन्या शाळांत घोकून घेतलेल्या पावकी, पाउणकी आणि सवायकीत हाच पाद दडलेला आहे. चार आण्यांची पावलीही त्याच घरातली.

'पावणे' हे क्रियापद 'प्र' अधिक 'आप्', म्हणजे मिळणे, पोहोचणे, यातून आले. ज्ञानेश्वरीत (1290) ते जागोजागी भेटते. पैसे पावले याची खूण ती पावती.

खायच्या पावाबद्दल मात्र गैरसमज फार. कणीक पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही हिंदी 'पाँव'वर बेतलेली गोष्ट अजूनही खात्रीने सांगितली जाते. लादीचा चौथा भाग तो पाव, अशी दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत, आणि पहिली तर पहाटेपासून भट्टीसमोर राबणाऱ्यांवर अन्याय करणारी आहे. मुळात पाव ज्या गोव्यातून आपल्याकडे पसरला तिथल्या कोकणीत पायाला 'पांय' म्हणतात आणि मराठीत 'पाय'. हिंदीतल्या पाँवाने इथे येऊन नाव ठेवायचे काही कारणच नव्हते.

शब्द पोर्तुगीज आहे. लॅटिन 'पानिस' म्हणजे भाकरी, अन्न. इटालियनांनी त्याचे 'पाने' केले, स्पॅनिश लोकांनी 'पान', फ्रेंचांनी 'पें'. पोर्तुगीजांनी शेवटचा 'न' नाकात ओढला आणि 'पांव'सारखा उच्चार झाला. 1510 मध्ये त्यांनी गोवा घेतला. घरच्यासारखा पाव हवा, पण पीठ फुगवायला यीस्ट नाही. मग माडाची सुर, म्हणजे माडी, उपयोगी पडली. भाजणारा 'पादेइरु' कोकणीत पोदेर झाला. सायकलवर टोपली बांधून, भोंगा वाजवत तो आजही गोव्यातल्या वाड्यांवर येतो. मराठीत पावाचा नाकातला सूर गळाला आणि तो चौथाईच्या पावासारखाच ऐकू येऊ लागला. पगार, चावी, बटाटा, घमेले हीही त्याच गलबतांतून उतरलेली मंडळी.

सगळ्यात भक्कम पुरावा जपानात आहे. 1543 मध्ये पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर पोहोचले आणि जपानी लोक पावाला 'पान' म्हणू लागले, तो शब्द आजतागायत टिकला. जपान्यांकडून तो कोरियात गेला आणि 'प्पांग' झाला. तिथे ना हिंदी पाँव, ना आपली पावकी. शब्द मात्र तोच. बंगालीत तर 'पाउरुटी' म्हणतात, म्हणजे भाकरीचे परदेशी नाव आणि देशी नाव एकमेकांना चिकटवलेले.

सारखे ऐकू येते ते सारे नात्यातले असते असे नाही. सिंगापूर-मलेशियात वाफवलेल्या, आत सारण भरलेल्या गोळ्याला 'पाउ' म्हणतात. तोही पिठाचा, तोही मऊ. पण शब्द चिनी, त्याचा अर्थ गुंडाळणे. खुद्द पोर्तुगीजमध्ये नाकातला सूर काढून 'पाउ' म्हटले की लाकूड होते. लाल रंग देणाऱ्या त्या 'पाउ-ब्राझिल' लाकडावरून ब्राझिल देशाचे नाव पडले. कातालान भाषेत पाउ म्हणजे शांती, हवाईत पाउ म्हणजे संपले. या सगळ्यांचा आपल्या वडापावाशी काडीचा संबंध नाही.

खरा नातेवाईक मात्र भलत्याच ठिकाणी सापडतो. उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'कॉम्पानिओ' म्हणजे एकत्र भाकरी खाणारा, पंगतीतला सोबती. त्यातूनच फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'कंपनी' आली. 1661 च्या लग्नाच्या करारात पोर्तुगालने इंग्लंडच्या राजाला मुंबई दिली आणि 1668 मध्ये राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. त्या कंपनीच्या नावातला 'पन' आणि आपल्या ताटातला पाव, दोन्ही एकाच 'पानिस'चे. फक्त गलबते निराळी.